पालखीजवळ कोण आहे?



या अंकासाठी ‘माझा आवडता खेळ’ हा विषय ताईंनी दिला, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी क्रिकेट आणि सॉकर घेतले. आम्ही पाचजणांनी मिळून एकच लेख लिहिण्याची परवानगी मागितली, कारण आमचा खेळ एकट्याने खेळायचाही नाही आणि एकट्याने लिहायचाही नाही. त्या खेळाचे नाव ‘ओव्हरवॉच’. नाव वाचूनच काही काका-काकू पान उलटतील अशी आम्हाला भीती आहे. कृपया निदान पालखीपर्यंत वाचा!

ओव्हरवॉच हा इंटरनेटवर संघाने खेळायचा नेमबाजीचा खेळ आहे. तो मे २०१६ मध्ये आला. त्या वेळी एका बाजूला सहाजण असत. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा पाचांचा संघ झाला आणि खेळ फुकट झाला. (आमच्या घरी परवानगी मिळण्यात ‘फुकट’ या शब्दाचा मोठा वाटा आहे.) पाचांपैकी एक ‘टँक’, म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा. दोघे ‘डॅमेज’, म्हणजे नेम धरून मारणारे. उरलेले दोघे ‘सपोर्ट’. हे जखमी साथीदाराला बरे करतात. आमच्यातली एकजण ‘मर्सी’ घेते, तिच्या हातात काठी असते आणि सबंध सामन्यात ती बहुधा एकही गोळी झाडत नाही. एक नायिका, सिमेट्रा, खेळातल्या कथेप्रमाणे हैदराबादची आहे. मराठी अजून कोणी नाही.

संघाने खेळायच्या नेमबाजीचे मूळ आपल्या फ्रिस्कोपासून फार लांब नाही, हे आम्हालाही माहीत नव्हते. डॅलसच्या पलीकडे मेस्क्वीट गावात ‘इड सॉफ्टवेअर’ नावाची कंपनी होती. तिने डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आणि जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ काढला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या तीन तरुणांनी क्वेकमध्ये फेरफार करून ‘टीम फोर्ट्रेस’ बनवला. त्यात नऊ प्रकारचे गडी होते आणि प्रत्येकाचे काम वेगळे. कोणी वैद्य, कोणी हेर, कोणी इंजिनियर. त्याआधी अशा खेळांत बहुधा प्रत्येकजण सगळ्यांना मारत सुटायचा. कामे वाटून घ्यायची ही पद्धत पुढे कितीतरी खेळांनी उचलली, ओव्हरवॉचनेही. आणि २०१९ मध्ये तर आपल्या ‘द स्टार’च्या आवारात, काउबॉईजच्या सराव मैदानाच्या शेजारी, ‘कॉम्प्लेक्सिटी’ या संघाची इमारत उघडली. फुटबॉलचे खेळाडू एका दारात आणि माऊसचे खेळाडू दुसऱ्या दारात!

आता स्पर्धेविषयी. ओव्हरवॉचमध्ये साधे सामने वेगळे आणि मानांकनाचे सामने वेगळे. २०२२ च्या आवृत्तीत नवीन खेळाडूला आधी ५० साधे सामने जिंकावे लागत, तेव्हा मानांकनाचे दार उघडे. फेब्रुवारी २०२४ पासून सुरुवातीचे दहा सामने झाले की दर्जा ठरू लागला. ब्राँझपासून वर चढत जायचे, प्रत्येक दर्जाला पुन्हा पाच पायऱ्या. आम्ही पाचही जण इथपर्यंत आपापल्या घरून, एकेकटे पोहोचलो होतो. एकमेकांना शनिवारी वर्गात भेटत होतो, पण हा विषय कोणी काढला नव्हता.

एकट्याने खेळताना उरलेले चौघे अनोळखी असतात. त्यांचा आवाज आपल्या कानात येतो, आपला त्यांच्या. आमच्यातल्या एकीने खेळासाठी आपल्या आजीचे नाव घेतले होते. तिने एकदा, शत्रू मागून येत आहेत, एवढेच इंग्रजीत सांगितले. ती जन्मापासून टेक्ससमध्ये आहे. तरी नाव वाचून एकाने चित्रपटातल्या भारतीय दुकानदाराचा आवाज काढून तिची नक्कल सुरू केली, दुसऱ्याने ‘ही मुलगी आहे का?’ म्हणून हसायला सुरुवात केली. सामना संपेपर्यंत ते चालू होते. तिने माइक बंद केला. त्यानंतर दोन महिने ती मुकी खेळली. या खेळात मुके खेळणे म्हणजे डोळे बांधून खेळण्यासारखेच आहे, कारण मागचे तुम्हाला दिसत नाही, ते साथीदाराने सांगायचे असते.

ही गोष्ट तिने वर्गाच्या मधल्या सुट्टीत पोह्यांच्या डब्यावर सांगितली, आणि तेव्हा कळले की पाचही जण खेळतात. आपण पाचजण एकत्र शिरलो तर संघात सहावा अनोळखी माणूस उरतच नाही, हे गणित सगळ्यांत धाकट्याने मांडले. (‘धाकटा’ म्हणजे तेरा पूर्ण. खेळाच्या वेष्टनावरच किशोरवयीनांसाठी अशी खूण आहे, आणि ती आमच्या पालकांनी तपासली आहे.) संघ असा झाला. नेमबाजी कोणाची चांगली, हे कोणी विचारलेसुद्धा नाही.

पहिल्या दहा सामन्यांत आम्ही तीन जिंकलो. गंमत म्हणजे नेम चुकल्यामुळे हरलेले सामने थोडे होते. खेळात झालेला सामना पुन्हा पाहण्याची सोय २०१९ पासून आहे. रविवारी आम्ही ते पाहत बसलो. दरवेळी तेच दिसे. एकजण मरतो, दहा-एक सेकंदांनी परत येतो, बाकीच्यांची वाट न पाहता पुढे जातो आणि पुन्हा मरतो. एकेक करून पाचही जण. आणि बोलणे? पाचहीजण एकदम बोलत होते, लांबलचक वाक्ये, निम्मी इंग्रजीत, आणि वाक्य संपेपर्यंत ज्याच्याबद्दल ते होते तो मेलेला असे.

पुण्याहून आलेले एकाचे आजोबा मागे चहा घेत बसले होते. ते शाळेत असताना खो-खो खेळत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, तेव्हापासून आजोबा कोणत्याही विषयावरून खो-खोवर येतात. ते म्हणाले, “अरे, बसलेल्या गड्याला उठवायला आम्ही निबंध वाचत होतो का? एक अक्षर. खो! स्पर्श आणि शब्द एकाच क्षणी. उशीर झाला तर फाऊल.”

आजोबांना पडद्यावर काय चालले आहे ते फारसे कळत नव्हते, पण एवढे अचूक कळले. आम्ही त्याच संध्याकाळी ठरवले की एक शब्द, फार तर दोन, आणि मराठीत. मराठीत का, तर पाचांचे शब्द आधीच तिथून एक-दोन येत होते आणि ते बरोबर ऐकू येत होते. इंग्रजी शब्द तर पडद्यातून येणाऱ्या इंग्रजी आवाजांत मिसळून जात. पण अडचण लगेच आली. ‘राइट’ म्हणायला काही वेळ लागत नाही, ‘उजवीकडे’ म्हणेपर्यंत शत्रू डावीकडे गेलेला असतो. म्हणून ‘उजवा’ आणि ‘डावा’. उंच जागेला ‘गच्ची’. अरुंद रस्त्याला ‘बोळ’. ‘इलिओस’ नावाच्या ग्रीसमधल्या नकाशात मधोमध खोल खड्डा आहे आणि त्यात ढकलून देण्यात लोकांना फार आनंद वाटतो. ती अर्थातच ‘विहीर’. टँकने माघार घ्यायची तर ‘मागे’, सगळ्यांनी थांबून एकत्र जमायचे तर ‘जमा’. आणि एखाद्याने आपली मोठी शक्ती वापरून झाली की पुढच्याने वापरायची, त्याचा इशारा ‘खो’. आजोबांचा मान!

काही सामन्यांत एक गाडी ढकलत मुक्कामापर्यंत न्यायची असते. तिच्याजवळ आपले कोणीतरी असले तरच ती पुढे सरकते. नवीन खेळाडू मारामारीच्या नादात तिला सोडून लांब पळतात. आम्ही तिला ‘पालखी’ म्हणतो. “पालखी एकटी आहे!” असे ओरडले की ज्याने कोणी ती सोडली असेल त्याला खरोखर लाज वाटते. गाडी म्हटले असते तर वाटली नसती.

भांडणेही झाली. नागपूरची ‘मांगे’ म्हणते, कोल्हापूरचा ‘मागनं आलाय’ म्हणतो, ठाण्याची दोघे भावंडे ‘बोळ’ हा शब्दच ऐकून नव्हती, त्यांच्याकडे गल्ली. ताईंकडे निवाडा मागितला. त्या म्हणाल्या की तिन्ही बरोबर, फक्त वहीत लिहिताना प्रमाण लिहा. आता चौघांना ‘मांगे’ ऐकले की न पाहता वळायची सवय झाली आहे.

काही पालकांनी विचारले की अमेरिकेत, टेक्ससमध्ये राहून परक्या भाषेत ओरडत खेळले तर कसे चालेल? त्यांना आम्ही ‘डॅलस फ्युएल’ची हकीकत सांगतो. ओव्हरवॉचची मोठी लीग २०१८ ते २०२३ चालली, त्यात डॅलसचा हा संघ होता. २०२२ मध्ये या संघातले सगळे खेळाडू कोरियन होते आणि आपसात कोरियनमध्येच बोलत. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी अनाहाइमला अंतिम सामन्यात त्यांनी सॅन फ्रान्सिस्को शॉकला ४-३ असे हरवले. डॅलसचे विजेतेपद कोरियन भाषेत आले.

त्यांचा टँक होता ली उई-सॉक, खेळातले नाव ‘फिअरलेस’, म्हणजे निर्भय. २०१८ मध्ये तो शांघायच्या संघात होता. त्या हंगामात शांघायने ४० पैकी ४० सामने गमावले. त्याच वर्षी त्याच संघात किम से-यॉन आली, टोपणनाव ‘गेगुरी’, कोरियनमध्ये बेडूक. लीगमधली ती पहिली स्त्री खेळाडू. २०१६ मध्ये तिचा नेम इतका चांगला पाहून ती लबाडी करते असा आरोप झाला होता, तेव्हा तिने कॅमेऱ्यांसमोर बसून खेळून दाखवले आणि आरोप खोटा ठरला. आमच्या ‘मुक्या’ साथीदारिणीला आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “तिला का दाखवावे लागले? मुलाला लागले असते का?” आम्ही गप्प बसलो.

आणि फिअरलेस? एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे करोनाच्या काळात, त्याने जाहीरपणे सांगितले की डॅलसच्या रस्त्यावर आशियाई म्हणून फिरणे भीतिदायक झाले आहे. लोक अंगावर येतात, मुद्दाम तोंडासमोर खोकतात. म्हणून तो बाहेर जाताना संघाचा जर्सी घाले, म्हणजे हे कुठल्यातरी संघाचे आहेत असे पाहून लोक जरा लांब राहत. पुढच्याच वर्षी त्याने याच शहराला करंडक मिळवून दिला. हे वाचल्यापासून आम्हाला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात, नुसता करंडक आठवत नाही.

एका आईचा आक्षेप मात्र वेगळा होता. ६ मे २०२३ रोजी शेजारच्या अ‍ॅलनच्या मॉलमध्ये गोळीबार झाला, आठ माणसे गेली. आपल्यापैकी कितीतरी घरांची तिथे नेहमीची खरेदी होती. त्या म्हणाल्या, “ज्या गावात मुलांना शाळेत दार लावून लपायचा सराव करावा लागतो, तिथे घरात बंदुकीचा खेळ कशाला?” आम्ही सांगितले की आमची मर्सी तर फक्त बरे करते, एकाच्या हातात हातोडा असतो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. एक पूर्ण सामना शेजारी बसून पाहिला. मग शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी दोन-दोन तास, दार उघडे ठेवून, अशी परवानगी दिली. त्यांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी परवानगी दिली, एवढेच. त्यांच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आमच्याकडे नाही.

ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांच्यासाठी थोडे. एकदम सगळे नायक शिकू नका, आपल्या कामाचे दोन पुरेत. इंटरनेट भिंतीतून तारेने घ्या, वाय-फाय ऐन वेळी दगा देते. माऊस फार चपळ ठेवू नका, सगळ्या नवीन मुलांना तो चपळ आवडतो आणि सगळ्यांचा नेम त्यामुळेच हलतो. समोर ढाल असेल तर ढालीवर गोळ्या वाया घालवण्यापेक्षा बोळातून जा. मेलात तर परत आल्यावर थांबा, ‘जमा’ ऐका, मग निघा. लागोपाठ दोन सामने हरलात तर उठा आणि पाणी प्या. हा नियम ठाण्याच्या बाबांचा आहे, आणि चिडून खेळलेला तिसरा सामना आम्ही अजून एकदाही जिंकलेलो नाही.

सध्या आम्ही सिल्व्हरच्या वरच्या पायऱ्यांवर आहोत. आमची मर्सी आता माइक बंद ठेवत नाही. उलट सगळ्यांत जास्त तीच ओरडते, आणि पालखी सोडणाऱ्याची तर खैर नसते. डिसेंबरात ती एक महिना नागपूरला जाणार आहे, तिथल्या वेळेत आणि आपल्या वेळेत साडेअकरा तासांचा फरक, म्हणजे आमची संध्याकाळ तिची पहाट. तेवढ्यापुरता एक सपोर्ट हवा आहे. तेरा पूर्ण असलेल्या मुला-मुलींनी घरी विचारून शनिवारी वर्ग सुटल्यावर मागच्या बाकांवर भेटावे. मराठी कोणत्याही गावची चालेल. हेडफोन स्वतःचा आणावा.