चादर पुरेल की!

मे महिन्यात फलटणला रात्री अंगावर चादरसुद्धा नकोशी होते. गच्चीवर पाणी शिंपडायचे, चटई अंथरायची आणि वाऱ्याची वाट पाहत पडून राहायचे, ही आमची उन्हाळ्याची रीत. म्हणून रायरेश्वरच्या पठारावर एक रात्र काढायचे ठरले आणि आपाने पांघरुणाचे विचारले, तेव्हा आम्ही मास्तरी थाटात सांगितले, "मे महिना आहे आपा, चादर पुरेल की!"

लोणंद, शिरवळ, भोर करीत आपाच्या दोन्ही मुलांना घेऊन आम्ही कोर्ल्याला पोहोचलो. नववीतल्या भाचीच्या अंगात सुती सलवार-कमीज आणि ओढणी. उन्हात याहून बरे काय? लोखंडी शिडी चढून वर येईस्तोवर सगळे घामाने भिजलो. संध्याकाळी वळवाची सर आली आणि मग वारा सुटला.

फलटण समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर, तर रायरेश्वर १,३०० मीटरच्याही वर. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हे आम्हीच वर्गात शिकवतो. म्हणजे फरक पाच अंशांचा. या हिशेबात ओले कपडे आणि वारा मात्र आम्ही धरलेच नव्हते.

मुक्काम एका जंगम कुटुंबाच्या ओसरीवर होता. मध्यरात्री भाची कण्हली, "मामू, लई थंडी लगरी." तिचे दात वाजत होते, बोटे गार पडली होती. आमच्या चादरी तिच्यावर टाकल्या, तरी थरथर थांबेना. आम्ही मनातून पुरते हादरलो.

आवाजाने घरातल्या आजी बाहेर आल्या. "लेकीच्या अंगातलं वलं काढलं का न्हाई?" एवढेच त्यांनी विचारले. काढले नव्हते. आजींनी तिला आत नेले, सुनेचे कोरडे कपडे दिले, काळी घोंगडी अर्धी खाली, अर्धी वर घातली. पाऊण तासाने भाची शांत झोपली. आम्ही जागेच राहिलो.

त्या रात्री दादा आठवले. दादा पिंजारी होते. कुणाची गादी दबून कडक झाली की ते रुई पुन्हा पिंजून फुलवीत. रुई तीच, वजन तेच, तरी ऊब परत येई. का, तर फुललेल्या रुईत हवा अडकून राहते आणि हवा उष्णतेची मंदवाहक. पुस्तकातला हा धडा आमच्या घरातच चालत होता! सूत भिजले की त्यातली हवा जाते, पाणी भरते आणि वर वारा अंगातली ऊब ओढून नेतो. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. आणि पाठीखालची जमीन तर रात्रभर ऊब शोषतच असते.

आता डोंगरावर जाताना चढण्याचे कपडे निराळे आणि झोपण्याचे निराळे. चढताना लवकर वाळणारा पॉलिस्टरचा सैल कुर्ता. झोपण्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरडा जोड, लोकरीचा स्वेटर, मोजे आणि कानटोपी. वाऱ्याला विंडचीटर, पाठीखाली फोमची चटई. स्लीपिंग बॅग मिळाली तर हलकी पडते, नाहीतर घोंगडी आहेच. जड असते, पण ते ओझे आम्ही आनंदाने वाहतो.

घरी परतल्यावर आपाला सगळे खरे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. लेकीच्या केसांतून हात फिरवीत शेवटी म्हणाली, "पिंजारी का पोता, और इत्ता नई मालूम?"