भेदिकाचं देणं

‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आलं, तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होतो. चौथीला शिकवायचं म्हणजे शिवचरित्र शिकवायचं. प्रतापगड, पन्हाळा, लाल महाल, आग्रा या धड्यांना खरं तर शिक्षक लागतच नाही. पोरं घरूनच शिकून आलेली असतात. पुढं राज्यकारभाराचे धडे येतात. अष्टप्रधान, शेतसारा, गडांची व्यवस्था, रयतेची काळजी. तिथं आलं की वर्ग ढेपाळतो, परीक्षाही तोंडावर आलेली असते, मग गाळलेल्या जागा भरून घेतल्या की झालं. सगळीकडं हीच रीत. महाराजांनी उभा जन्म खपून जे घडवलं त्यालाच आपण सगळ्यात कमी वेळ देतो, हे माझ्या ध्यानात आणून दिलं ते या नाटकानं.

नाटक लिहिलं राजकुमार तांगडे यांनी, बसवलं नंदू माधव यांनी. कल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची. यांच्यापैकी कुणाशी माझी ओळख नाही. तिकीट काढून खुर्चीत बसलेला मी एक प्रेक्षक. तरी माझ्या मास्तरकीवर या मंडळींचं जे ऋण आहे ते कुठंतरी लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं. आणि ते लिहायचं तर थोरल्या मामांचं नाव घेतल्यावाचून पुढं जाता येत नाही. नाटक मी पाहिलं. ते आपल्यातलंच कसं आहे ते मामांनी सांगितलं.

मामा भेदिक गायचे. कलगीवाले. ज्यांनी हे फड पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शाहिरांचे दोन पक्ष असत. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. जत्रेच्या रात्री दोन्ही फड डफ-तुणतुणं घेऊन समोरासमोर बसायचे. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर, तर शेष कशावर? ब्रह्मदेव कमळातून आला, तर कमळ कुणी लावलं? रामाला वनात कुणी धाडलं, कैकेयीनं, दशरथानं, की रावणाच्या भरलेल्या घड्यानं? तांबडं फुटेपर्यंत हे चालायचं. जवाब सुचला नाही तर डफ खाली ठेवायचा आणि समोरच्याला मान द्यायचा. मामा माळकरी होते, पंढरीची वारी चुकवत नसत, बुक्का लावल्याशिवाय तोंडात पाणी घालत नसत. आणि तेच मामा रात्री कानावर हात ठेवून ब्रह्मदेवाला पेचात पकडायचे. या दोन गोष्टींचं एकमेकींशी कधी भांडण झालं नाही. लहानपणी मी विचारलं होतं, देवाला असं विचारलं तर पाप लागत नाही का? मामा म्हणाले, “आरं लेकरा, ज्याच्यावर जीव हाय त्यालाच इचारावं माणसानं. परक्याला कोण इचारतंय?”

फड मोडला १९७८ साली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि त्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. मामांच्या फडात तुणतुणं धरणारा झीलकरी वस्तीतला होता. त्याच्या आवाजावर मामांचा भरवसा होता. सवाल मामांचा, पण तो उचलून आभाळात न्यायचा तो त्यानं. बायकापोरं घेऊन तो मुंबईला गेला, परत आला नाही. दुसरा झीलकरी मिळाला असता. मामांनी शोधला नाही. डफ खुंटीला लागला. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं. तोवर आमच्याकडं जयंत्यांची वाटणी पक्की झाली होती: शिवजयंती या आळीची, आंबेडकर जयंती त्या आळीची. वर्गणीच्या पावत्यासुद्धा आळी बघून फाटायच्या.

हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाला नाटकाचं नुसतं नाव ऐकूनच काळजात कसं झालं असेल ते समजेल. शिवाजी आणि भीमनगर, एका दमात. थोडी धास्तीही वाटली. महाराजांचं नाव घेऊन केलेल्या कशावरून कधी काय पेटेल याचा आपल्याकडं नेम नाही.

नाटक आलं त्या वर्षी पावसानं दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वीस वीस वर्षं पोसलेली झाडं लोकांनी तोडून सरपणाला घातली. नाटक करणारी बरीचशी पोरं याच जिल्ह्यातल्या जांब समर्थची, म्हणजे समर्थ रामदासांच्या जन्मगावची. घरची शेती करणारी. शहरातल्या कलावंतानं शेतकऱ्याचं सोंग आणलं की ते पहिल्या वाक्याला कळतं. धोतर नवं असतं आणि शिवी पाठ केलेली असते. इथं तसं नव्हतं. ही माणसं बोलायला लागली ते थेट आमच्या बसस्टँडवरचं बोलणं.

मामांना घेऊन मी शहरात प्रयोगाला गेलो. गोष्ट अशी, की महाराजांना न्यायला यम येतो. नेतोही. पण वर गेल्यावर ध्यानात येतं की राजांचे विचार खालीच राहिले. मग यमाला राजांचा टोप घेऊन पुन्हा पृथ्वीवर यावं लागतं. हा टोप नेमका बसेल असं डोकं शोधायचं. आणि टोप घेऊन हिंडणारा हा यम येऊन पोचतो भीमनगरात, जिथं शिवजयंती चालू आहे. मृत्यूच्या देवालाच विचारांच्या शोधात वणवण करायला लावणं, ही कल्पनाच किती मोठी! माणूस नेता येतो, विचार नेता येत नाही, हे भाषणातून हजारदा ऐकलेलं. इथं ते यमाच्या हातात टोप देऊन दाखवलं होतं. लोक पोट धरून हसत होते आणि हसता हसता आपल्या डोक्यावर तो टोप बसेल का, याची चाचपणीही करत असावेत. मी करत होतो.

शेवटाकडं दोन शाहीर समोरासमोर उभे राहिले. एकाचा शिवाजी तलवारीचा, रक्ताचा, दुसऱ्या धर्माच्या वैराचा. दुसरा त्याला सवालावर सवाल टाकू लागला. राजाच्या बाजूनं लढले ते कोण कोण होते? त्यांच्यात कुठल्या जाती, कुठले धर्म? शेतकऱ्याला त्यानं कसं वागवलं? बाईला कसं वागवलं? डफाचा ठेका चढत गेला. माझ्या शेजारी मामांची बोटं खुर्चीच्या हातावर त्याच ठेक्यात पडायला लागली, चारही बोटं आणि मग अंगठा, पस्तीस वर्षं खुंटीला लागलेला हात. मध्येच माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “आता ह्याचा जवाब बग कसा येतो.” आजूबाजूला माणसं टाळ्या, शिट्ट्या वाजवत होती. मामा जवाबाची वाट बघत होते, जत्रेत बसल्यासारखे.

परतीच्या एसटीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे भेदिकच हाय की. फकस्त देवाच्या जागी राजा हाय.”

मी म्हटलं, “मामा, पण एवढं विचारून लोक चिडले कामून नाहीत?”

“चिडतील कशाला? त्याला खाली ओढलाय का कुणी? हुडकलाय.”

नाटकावर मी पुढं पुष्कळ वाचलं. या एका शब्दाएवढं नेमकं कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही.

मामांच्या बोलण्याचा धागा धरून मी मागं मागं वाचत गेलो, तेव्हा हे नाटक आकाशातून पडलेलं नाही हे उमगलं. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्येच महाराजांवर पोवाडा रचून त्यांना कुळवाड्यांचा, शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं होतं. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे केले. त्याच वाटेनं भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे आले, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेखांचं लाल बावटा कलापथक आलं. गोविंद पानसऱ्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ १९८८ चं. हे सगळे नुसते विद्वान नव्हेत, रस्त्यावर लोकांसमोर उभी राहिलेली माणसं. प्रायोगिक नाटक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुण्या-मुंबईची छोटी सभागृहं येतात. त्या नाटकांचा मान मोठाच आहे. १९७२ मध्ये तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ जब्बार पटेलांनी बसवलं, त्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांची रांग हाच पडदा आणि हीच भिंत. कारागिरीत त्याला तोड नाही असं मी आजही म्हणेन. पण घाशीराम पाहून मी सुन्न झालो, नाना फडणविसांकडं आणि सत्तेकडं बघायची नजर त्यानं बदलली. भीमनगर पाहून मी कामाला लागलो. मला हे दुसरं ऋण जास्त जवळचं.

कामाला लागलो म्हणजे असं. महाराजांनी चिपळूणजवळ छावणी पडलेल्या आपल्या फौजेच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र आहे. राज्यकारभाराचे धडे आले तसं ते मी वर्गात घेतलं. जुनी भाषा सोडवून, साध्या बोलीत. रयतेकडून धान्य, गवत, लाकूड ओढून आणू नका. लागेल ते बाजारातून पैसे मोजून घ्या. तसं न केलंत तर लोकांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि मग ती उंदराची गोष्ट: रात्री दिवे जळते ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, सगळी दाणावैरण जाईल आणि घोडी मरतील. वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याच्या घरची कडब्याची गंज दिवाळीत जळाली होती, उठून म्हणाला, “गुरुजी, राजाला उंदराचं कसं काय ठाऊक?” त्या एका सवालावर तासच्या तास गेला. ठाऊक नसेल तर राजा कसला, अशा निर्णयावर पोरं आपली आपण आली. जो धडा उरकला जायचा तो संपेना झाला.

पुढच्या १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीला, मामा डफ घेऊन शाळेत आले. नव्यानं मढवून घेतलेला. दोन्ही आळ्यांतली पोरं मिसळून आम्ही दोन फड केले आणि शिवचरित्रावर सवाल-जवाब लावले. पालक पारावर बसून ऐकत होते. काही पहिल्यांदाच शाळेत आलेले. पोरांनी सवाल स्वतः रचले होते, मी फक्त चालीत बसवून दिले. वस्तीतल्या एका मुलीचा सवाल होता: रायगडावर पाणी कोण भरत होतं? समोरच्या फडाला जवाब आला नाही. मामांनाही आला नाही. रीतीप्रमाणं त्यांनी डफ खाली ठेवला आणि त्या नऊ वर्षांच्या पोरीला हात जोडले.

मी आठवडाभर पुस्तकं चाळली. रायगडाच्या बांधकामाशी हिरोजी इंदुलकरांचं नाव जोडलेलं आहे; जगदीश्वराच्या देवळात शिलालेख आहे आणि त्यात गडावरच्या विहिरींचा, तळ्यांचा उल्लेख आहे. ते मी तिला सांगितलं. तळी खोदणारांची, घागरी वाहणारांची नावं मात्र कुठल्या दगडावर मिळाली नाहीत, हेही सांगितलं. ती म्हणाली, “मग ती आपण लिहायला पायजेत ना, गुरुजी?”

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. डफ शाळेला दिला होता. माझी बदली झाली तसा तो तिथंच ठेवून आलो. नव्या बाईंनी सवाल-जवाब चालू ठेवलेत आणि दरवर्षी पोरांनी रचलेल्या सवालांची वही मला पाठवतात. यंदाच्या वहीतले तीन सवाल मला सुटलेले नाहीत. एक घोड्यांच्या नालांचा आहे, एक गडाखाली राहणाऱ्या धनगरांचा, आणि तिसरा महाराजांच्या लेकींचा.