आडवी दांडकी

वासोट्याच्या चढणीवर एके ठिकाणी अंधूकसा फाटा फुटतो. त्याच्या तोंडाशी कुणीतरी कारवीची दांडकी आडवी टाकली होती. इकडे जाऊ नका, एवढंच सांगणारी ही खूण सह्याद्रीत फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मागून येणारा चुकू नये म्हणून गावचा माणूस जाता जाता असा अडसर घालून जातो. पुढची मंडळी न थांबता निघून गेली. मी मात्र दांडक्यांपलीकडे बघत राहिलो. तिथे वाट होती. पाचोळ्यानं भरलेली, पण मधोमध खोलगट, आणि असा खोलगटपणा पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांशिवाय येत नाही. ती कुणाच्या तरी दारात जात असणार.

वाट कशी चढते हे कळायला आधी डोंगर पाहावा लागतो. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, कठीण थराचा कडा झाला, मऊ थर झिजून त्याचा पदर झाला. कडा, पदर, पुन्हा कडा. म्हणून जुनी वाट पदरावरून बराच वेळ आडवी जाते आणि कडा जिथे ढासळला आहे किंवा डोंगराची सोंड खाली उतरली आहे, तिथेच वर वळते. नाळेतून चढणं जवळचं, पण पावसाळ्यात नाळेचा ओढा होतो आणि दरवर्षी तिथले दगड जागा बदलतात. सोंडेवरची वाट लांबची आणि टिकाऊ. डोक्यावर ओझं असलेला माणूस सोंडच धरतो. ज्यांनी पहिल्यांदा ही निवड केली, त्यांच्याबद्दल मला किल्ला बांधणाऱ्यांइतकाच आदर वाटतो.

कोयनेच्या खोऱ्यात अशा वाटांचं जाळं होतं. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, 1659 मध्ये अफजलखान रडतोंडीच्या घाटानं पार गावात उतरला. इतिहासाचा उजेड या वाटांवर पडला तो एवढाच. एरवी त्यांवरून कोकणातलं मीठ आणि सुकट वर येई, नाचणी आणि हिरडा खाली जाई. 1960 च्या दशकात धरण झालं आणि खोऱ्याचा तळ शिवसागराखाली गेला. वाटांची खालची टोकं बुडाली, वरचे तुकडे रानात राहिले. आज वासोट्याला जायचं तर बामणोलीहून बोटीनं मेट इंदवलीच्या काठाला लागायचं, वनखात्याकडे नाव नोंदवायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2010 मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं, 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. रान राखलं गेलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण मागे राहिलेल्या गावांपैकीही काही उठली आणि त्यांच्या वाटांवर आता कारवी दाटली आहे.

रायगड जिल्ह्यातल्या एका पुनर्वसित वस्तीत मला एक आजी भेटल्या होत्या. माहेर घाटाखाली कोकणात, सासर वर कोयनेकाठी. सासरचं गाव पाण्यात गेलं आणि सरकारनं घर दिलं ते पुन्हा घाटाखालीच. माहेरी कशा जायचात, एवढंच मी विचारलं.

"कोंबड्याला निघायचं. घरामागनं वर. उंबरापाशी पानी प्यायचं, पुढं पानी न्हाय. मग उभा चढ. चढ सरला की फणस, तितं इसावा. मग आडवंच चालायचं, डोंगूर डाव्या अंगाला."

डोंगर म्हणताना त्यांचा डावा हात वर जाई. उजव्या हाताला दरी होती, तिथे बोलताना त्या जरा सावरून बसत. अंतर त्या कोसात सांगत नव्हत्या. पाठीला पोर, डोईवर बोचकं. पोराला दोनदा पाजलं की खिंड. खिंडीत वारा असा की पदर दातात धरायचा. तिथून पहिल्यांदा कोकण दिसे आणि माहेरच्या अंगाचा धूरही.

"आजी, खिंडीनंतर उतार कुठल्या बाजूनं?"

त्या थांबल्या. ओठ हलले. "असं मधनंच न्हाय सांगता येत, बाळा." आणि त्या पुन्हा घरामागून निघाल्या. उंबर, चढ, फणस, डावीकडचा डोंगर. या खेपेस फणसाच्या अलीकडे एक कातळ आला, तो मघाशी राहिला होता. खिंडीपर्यंत आल्या, थांबल्या नाहीत, सरळ उतरल्या. उतारावर एका म्हाताऱ्या धनगराचा वाडा होता, तिथे ताक मिळे. त्याच्या कुत्र्याचं वर्णन त्यांनी फार वेळ केलं. सून आतून म्हणाली, "आता यष्टीनं दोन तासांत जातोय की माहेराला." आजी म्हणाल्या, "जातोय." मग त्या कुत्र्याकडेच परत गेल्या.

आम्ही डोंगर हिंडणारे ज्या वाटा मळलेल्या ठेवतो, त्यातल्या बहुतेक किल्ल्यांवर जातात. दगडांवर रंगानं बाण काढतो. मला ते आवडत नाहीत, चार दगडांची लगोरी पुरते. अलीकडे काही मंडळी गावोगावच्या जाणत्यांना विचारत मोडलेल्या घाटवाटा शोधतात, उतरून पाहतात, नोंदवून ठेवतात. हे फार मोलाचं काम आहे आणि ते लवकर व्हायला हवं. माणूस गेला तिथे काही वाटा गव्यांनी मोकळ्या ठेवल्या आहेत. एवढं धूड असूनही गवा उतार माणसासारखाच धरतो, तिरपा.

वासोट्याच्या शेजारच्या नागेश्वराची वाट मात्र अजून माणसांच्या पायांखाली आहे. महाशिवरात्रीला खाली कोकणातल्या चोरवण्याहून लोक त्या गुहेतल्या देवाला चढतात. आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, चुडी कशाच्या करतात? मी म्हणालो, आता बॅटरी असते. त्यांना ते पटलं नाही. कोकणातले लोक माडाच्या झावळीची चूड करत, ती भडकते आणि लवकर विझते; आमच्याकडं वाळक्या कारवीची, ती सावकाश जळते. आणि चूड घेतलेला माणूस पुढं चालवायचा नाही, मागं ठेवायचा. पुढं चालला तर धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जातो आणि पाय कुठं पडतो ते कुणालाच दिसत नाही.