उरलेल्यांवरचा भार

खतावणीतील एक आकडा पुसला गेला, तरी बेरीज आणि बाकीचे आकडे हाती असल्यास तो पुन्हा काढता येतो. सर्व्हरमधील डिस्कचा ‘रेड’ संच याच न्यायाने चालतो. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 साली ही कल्पना शोधनिबंधात मांडली. ‘रेड पाच’ प्रकारात एक डिस्क निकामी झाली तरी हिशेब शाबूत राहतो. नवी डिस्क बसवली की उरलेल्या डिस्क वाचून तिचा मजकूर पुन्हा उभा केला जातो.

खरी कसोटी तेव्हाच सुरू होते. 16 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 200 मेगाबाइट वेगाने भरली, तरी सुमारे 22 तास लागतात. तेवढा वेळ सारख्याच वयाच्या जुन्या डिस्क अखंड राबतात, तापतात. त्यातच वैशाखात एसी बंद पडला आणि दुसरी डिस्क गेली, तर सारा संच वाचेनासा होतो.

एका पेढीवर धाकट्या चिरंजीवांना नवी डिस्क लगेच बसवायची होती. काकांनी एवढेच विचारले, “दुसरी वही कुठे आहे?” ती नव्हती. मग आधी नोंदींची प्रत दुसऱ्या जागी गेली, खोली गार झाली, दिवसाचे काम थांबले आणि त्यानंतरच डिस्क बसली.

संच म्हणजे प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद संचातूनही पुसलीच जाते. घरातील एक कर्ता आजारी पडला की औषध त्याला द्यावे लागते, पण जपावे लागते ते त्याचा भार उचलणाऱ्यांनाही.