पाहुणेपण संपेपर्यंत

जपानी माणसाच्या अगत्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. पण ज्यूदो शिकायला जपानला गेलेल्या परदेशी माणसाची खरी अडचण सुरू होते ती या अगत्यापासूनच. पाहुण्याला कोणी जोराने आपटत नाही, आणि आपटून घेतल्याशिवाय ज्यूदो येत नाही!

टोकियोतील कोदोकान ही या विद्येची मूळ संस्था. जिगोरो कानो या तरुण शिक्षकाने १८८२ साली एईशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात ती सुरू केली, तेव्हा जागा होती अवघी १२ चटयांची. आज तिच्या मुख्य दालनात ४२० चटया अंथरलेल्या असतात. समजा, हॉलंडचा किंवा ब्राझीलचा एखादा धट्टाकट्टा तरुण त्या दालनाच्या दाराशी आला आहे. अंगात कोरा पांढरा पोशाख, कमरेला पांढरा पट्टा. रांगेत बसताना त्याची जागा शेवटी. इथे वय, पगार, पदवी काही विचारले जात नाही. कोण आधी आला आणि कोण किती शिकला, एवढाच हिशेब.

पहिले कित्येक दिवस त्याला शिकवतात ते पडायला. हनुवटी छातीशी, नजर पट्ट्याच्या गाठीवर आणि पाठ टेकता टेकता हाताचा सपाट फटका चटईवर. तो फटका नीट बसला की आघात हाताकडे वाटला जातो आणि मस्तक वाचते. आपल्याकडच्या तालमीतही नव्या पोराला वस्ताद लगेच डाव दाखवत नाहीत. आधी हौद्यातली माती खणायला लावतात. परंतु माती खणणे हे निदान कष्टाचे काम दिसते. दिवसभर आपण होऊन पडत राहायचे, हे मोठ्या माणसाच्या मनाला फार लागते.

त्यानंतर गाठ पडते ज्येष्ठांशी. समोर साठीचा एक करड्या केसांचा गृहस्थ उभा असतो, वजनाने आपल्या पाहुण्याच्या निम्मा. पाहुणा दोन्ही हात ताठ करून त्याला दूर लोटू पाहतो. झाले! ताठ हात म्हणजे ज्येष्ठाच्या हाती आयती दिलेली मूठच. ढकलले तर तो मागे सरतो आणि ओढले तर पुढे येतो. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पाहुण्याचा तोल गेलेला असतो. शक्तीचा उपयोग नाही असे नव्हे. तोल गेलेल्या माणसाची शक्ती त्याच्या कामी येत नाही, इतकेच. हे शब्दांत समजावायला दोघांची भाषा एक नसते. ज्येष्ठाला सांगायचे असते एवढेच : ‘मो इक्काई’, म्हणजे पुन्हा एकदा.

आता पाळी नवशिक्याची, आणि इथली एक गोष्ट बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. जाणता माणूस दुसऱ्याला फेकतो तेव्हा त्याची बाही सोडत नाही. शेवटच्या क्षणी ती वर ओढून धरतो, त्यामुळे पडणाऱ्याचे डोके चटईवर आदळत नाही. नवशिक्याला हे भान कुठून असणार? तो घाबरून बाही सोडतो, नाहीतर तोल जाऊन खालच्या माणसाच्या बरगड्यांवर कोसळतो. म्हणजे ज्येष्ठाला बरोबरीच्या जोडीदारापेक्षा नवख्याबरोबर धोका अधिक! तरीही तो उठतो, पोशाख सारखा करतो आणि पुन्हा त्याच्यापुढे उभा राहतो. आपले आणि दुसऱ्याचे हित एकत्र साधावे, हे कानो यांचे सूत्र होते. भिंतीवरच्या सुविचारापेक्षा ते या उठून उभे राहण्यात अधिक कळते.

अर्थात ज्येष्ठपणा सगळीकडे असाच सोज्वळ असतो, असे समजणे भाबडेपणाचे होईल. जपानच्या राष्ट्रीय संघातील १५ महिला ज्यूदोपटूंनी प्रशिक्षकांच्या मारहाणीविरुद्ध तक्रार केली आणि २०१३ साली मुख्य प्रशिक्षकाला पद सोडावे लागले. निमूटपणे सोसायची सवय लावणाऱ्या जागी शिस्त आणि छळ यांतली रेघ पुसायला वेळ लागत नाही.

परदेशी स्त्रीच्या वाट्याला तर दुहेरी पाहुणेपण येई. लंडनमध्ये ज्यूदोची ओळख झालेली सारा मेयर १९३४ साली जपानला गेली. पुरुषांबरोबर सराव करून तिने पुढच्याच वर्षी काळा पट्टा मिळवला. जपानी नसलेल्या स्त्रीला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली रस्टी कानोकोगी हिची गोष्ट याहून तिखट. १९५९ साली ती पुरुषाच्या वेषात एका स्पर्धेत उतरली आणि संघाबरोबर जिंकली. पण स्त्री असल्याचे कबूल करताच तिला पदक परत करावे लागले. १९६२ मध्ये तिने कोदोकान गाठले. तिथे स्त्रियांचा वर्ग वेगळा होता आणि तो तिला लवकरच पुरेनासा झाला. अखेर तिला पुरुषांच्या दालनात सरावाची परवानगी मिळाली. ती तिथे सवलत मागायला गेली नव्हती, तर जोराने आपटणारे जोडीदार मागायला गेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. ते परत केलेले पदक तिला सन्मानाने मिळाले २००९ साली, तिच्या मृत्यूच्या काही महिने आधी.

आणि हॉलंडचा आंतोन खेसिंक! सुमारे साडेसहा फूट उंचीचा हा माणूस जपानमध्ये तेन्री विद्यापीठात जपानी मल्लांच्या हाताखाली तयार झाला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा प्रथमच समावेश झाला होता. इतर तिन्ही गटांची सुवर्णपदके जपानने घेतली. उरला होता खुला गट, ज्याची प्रतिष्ठा सर्वांत मोठी. २३ ऑक्टोबर रोजी खेसिंकने आकिओ कामिनागाला चटईवर जखडले ते सुटूच दिले नाही. आपल्याच विद्येत, आपल्याच राजधानीत झालेला हा पराभव पाहून जपानी प्रेक्षक सुन्न झाले. तेवढ्यात आनंदाने बेभान झालेले डच पाठीराखे चटईकडे धावले. खेसिंकने हात वर करून त्यांना जागीच थांबवले. कामिनागा अजून चटईवरच होता, आणि दोघांचा नमस्कार व्हायचा होता.