निपाणी : तंबाखूच्या मुलखात

सुलतानपूरच्या पारावर ओढली जाणारी विडी दोन मुलखांची असते. तिचं पान विदर्भाच्या पूर्वेचं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलात ऐन उन्हाळ्यात बायामाणसं पहाटे निघून तेंदूपान तोडतात, पन्नास-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि फळीवर मोजून देतात. आतली तंबाखू मात्र दुसरीकडून येते. विडीच्या तंबाखूचे देशात दोन मोठे पट्टे आहेत. एक गुजरातेत आणंद-खेड्याच्या चरोतरात, दुसरा कोल्हापूरच्या दक्षिणेला वेदगंगेच्या खोऱ्यात. त्या दुसऱ्या पट्ट्याचं बाजारगाव म्हणजे निपाणी.

लोणार तालुक्यातलं सुलतानपूर मेहकर-लोणार रस्त्यावर आहे. या वाटेने जाणारे बहुतेक लोक सरोवर पाहायला निघालेले असतात. गावाभोवती काळं रान, त्यात सोयाबीन, तूर, कपाशी. भाव पडले की बाजारात काय होतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. म्हणूनच शेतमालाच्या भावासाठी ज्या गावात माणसं मेली, ते गाव पाहायची ओढ होती. मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत पुणं गाठायचं आणि तिथून कोल्हापूरची वाट धरायची. निपाणीला रेल्वे नाही, आजही नाही. गाव वाढलं ते पुणे-बेंगळुरू रस्त्यावर, आणि त्याची सगळी कहाणी त्याच रस्त्यावर घडली.

कागल मागे पडलं की दूधगंगेच्या आसपास राज्य बदलतं. कोगनोळीच्या नाक्यानंतर पाट्यांवर कन्नड अक्षरं दिसू लागतात. पण टपरीवर कान दिला तर ऐकू येते ती कोल्हापुरी वळणाची मराठी, मध्ये एखादा कन्नड शब्द पेरलेली. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला तो म्हैसूर राज्यात गेला. पुढे महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात बेळगाव शहर कर्नाटकाकडे ठेवायला सांगितलं, पण निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावं अशी शिफारस केली. ती अमलात आली नाही. 2004 पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. गावालगतच्या अर्जुननगरला देवचंद कॉलेज आहे. ते कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात येतं, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीची मुलं शिकायला रोज राज्याची हद्द ओलांडतात आणि जेवायला घरी परततात.

महामार्ग आता गावाच्या कडेने धावतो. त्यावरून उतरून आत शिरलं की आवाज एकदम कमी होतो. अरुंद बोळ, कौलारू घरं, दगडी जोती, मधूनच लांबच लांब आंधळी भिंत आणि तिला एकच भक्कम दार. या भिंती वखारींच्या. काहींना कुलूप, काहींचं मंगल कार्यालय किंवा दुकानांचा गाळा झालेला. थंडीच्या दिवसांत चालू वखारीवरून गेलं की वास आधी नाकात बसतो, मग घशात. बाहेरच्या माणसाला तो झोंबतो. गावातल्यांना त्याचं काही वाटत नाही.

ब्रिटिश अमदानीची निपाणी समजून घ्यायची तर निपाणकरांपासून सुरुवात करावी लागते. सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतले अप्पा देसाई, हे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले मातब्बर सरदार. 1803 मध्ये आर्थर वेलस्ली म्हैसूरकडून पुण्याला बाजीरावाला गादीवर बसवायला निघाला, तेव्हा दक्षिणेतले जे सरदार त्याच्यासोबत गेले त्यांत हे होते. कोल्हापूरकरांशी त्यांची वर्षानुवर्षं झुंज चालली. पुढे सिद्धोजीराव गेले आणि कंपनी सरकारने वारस मान्य केला नाही. जहागीर खालसा होण्याच्या त्या धामधुमीत, 1841 मध्ये, अरब शिपायांनी किल्ला ताब्यात घेऊन उठाव केला. बेळगावच्या छावणीतून फौज आली आणि उठाव मोडला. झाशी आणि सातारा खालसा होण्याआधीच्या या घटनेला आपल्या शालेय इतिहासात ओळभरही जागा मिळालेली नाही. मिळायला हवी होती.

मग निपाणी बेळगाव जिल्ह्यातलं एक पेठेचं गाव झाली. घाटमाथ्यावरचा माल कोकणात आणि कोकणचा माल देशावर जाण्याच्या वाटा जवळ, बैलगाड्यांची ये-जा, काळी जमीन. त्या जमिनीत तंबाखू उत्तम येते हे शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला दोघांनाही उमगलं.

तंबाखू या देशात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. दख्खनमध्ये ती किती लवकर रुजली याची एक नोंद आहे. अकबराचा वकील असद बेग 1604 च्या सुमारास विजापुरात होता. तिथे त्याला तंबाखू दिसली. ती त्याने रत्नजडित नळीसकट आग्र्याला नेऊन बादशहापुढे ठेवली. दरबारी हकिमांनी विरोध केला. अकबराने झुरका घेऊन पाहिला, पुढे सवय केली नाही. जहांगीराने 1617 मध्ये बंदी घातली, पण तोवर लोकांना चटक लागली होती. विजापूरचा तो मुलूख निपाणीपासून फार लांब नाही.

पीक पाहायचं तर पौष-माघात यावं. गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो, आणि उसाच्या फडांमध्ये जिथे पाणी पोचलेलं नाही तिथे तंबाखूची हिरवी-पिवळी रानं दिसतात. बी इतकं बारीक असतं की एका ग्रॅममध्ये 10 हजारांहून अधिक दाणे बसतात. ते राखेत किंवा वाळूत मिसळून पावसाच्या सुरुवातीला वाफ्यात टाकतात. त्या वाफ्याला तरवा म्हणतात. श्रावण-भाद्रपदात रोपं रानात लागतात. पुढचं सगळं काम हाताचं. फुलाचा कळा दिसला की शेंडा खुडायचा. खुडला की पानांच्या बगलेतून फुटवे येतात, तेही पुन्हा पुन्हा काढायचे, म्हणजे झाडाची सगळी ताकद मोजक्या पानांत उतरते. पान जाड होतं, त्यावर तपकिरी ठिपके येतात. ठिपके भरले की झाड बुडातून कापून रानातच उन्हात वाळवतात.

हे काम करणाऱ्याच्या हाताला काळपट चिकटा बसतो. ओलं पान हाताळताना निकोटिन कातडीतून अंगात जातं. डोकं गरगरतं, मळमळतं. हा रोग वैद्यकशास्त्राला चांगला ठाऊक आहे. विडी न ओढणाऱ्या माणसालाही तो होतो.

ब्रिटिश राजवटीने या पिकावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो 1943 मध्ये. महायुद्धाच्या खर्चासाठी तंबाखूवर अबकारी कर बसला. त्या दिवसापासून तंबाखू पिकवणं हा केवळ शेतीचा मामला उरला नाही. लागवडीची नोंद आली, मालाचं वजन सरकारी माणसापुढे आलं, कर भरेपर्यंत माल परवान्याच्या गोदामात कोंडून ठेवणं आलं. ज्याच्याकडे परवाना आणि वखार, त्याच्याच हातात माल. शेतकऱ्याला घरात साठवून भावाची वाट पाहणं अवघड झालं. इंग्रज गेले, कर राहिला. कच्च्या तंबाखूवरचा हा कर 1979 मध्ये उठला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर तीन दशकं उलटून गेल्यावर. वखारीच्या त्या आंधळ्या भिंतींकडे पाहताना हा कायदा आठवला तर त्यांची बांधणी लगेच समजते.

वखारीत वाळलेला माल येतो. तो कुटायचा, चाळायचा, काडी वेगळी करायची, पाखडून प्रतवारी लावायची. हे काम बायकांचं. दारं-खिडक्या बंद, कारण वाऱ्याने बारीक भुकटी उडून जाते. ती उडू नये म्हणून बायकांनी ती छातीत घ्यायची. खोकला, दमा, डोळ्यांची आग, गर्भारपणातला त्रास हे सगळं त्यांच्या रोजच्या जगण्यात होतं. काम हंगामी, मजुरी तुटपुंजी, सुट्टीचा पैसा नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस या बायका संघटित झाल्या. देवचंद कॉलेजातले प्राध्यापक सुभाष जोशी यांनी त्यांच्यासोबत युनियन उभी केली. अनिल अवचटांनी निपाणीत फिरून हे जग मराठी वाचकांसमोर मांडलं. 1982 मध्ये युगांतर या स्त्रियांच्या गटाने ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट बनवला. दीपा धनराज त्या गटात होत्या. त्यात वखारीतल्या बायका स्वतःच्या तोंडाने स्वतःची लढाई सांगतात. निपाणीला यायच्या आधी तो पाहावा. मग या बोळांतून चालताना प्रत्येक दार निराळं दिसतं.

या मेहनती माणसांच्या गावाला लढ्याची ओळख त्याआधीही होती. एप्रिल 1925 मध्ये मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं अधिवेशन इथे भरलं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष म्हणून आले. महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षं पुढे होता. इथल्या भाषणात त्यांनी त्रावणकोरात चाललेल्या वैकमच्या सत्याग्रहाचा विचार मांडला होता.

आणि मग 1981.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चाकणला कांद्याचं आणि नाशिक भागात कांदा-उसाचं आंदोलन केलं होतं. निपाणीच्या शेतकऱ्याचं दुखणं त्याहून गुंतागुंतीचं होतं. कांदा निदान लिलावात जातो. तंबाखू व्यापाऱ्याच्या वखारीत जायची, भाव नंतर ठरायचा, पैसा त्याच्याही नंतर मिळायचा, आणि घट-तूट कापली जायची ती वेगळीच. 14 मार्च 1981 ला शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर येऊन बसले. बैलगाड्या आल्या, बायका-पोरं आली, चुली पेटल्या. रस्त्यावरच वस्ती उभी राहिली आणि तिला आंदोलननगर म्हणू लागले. वखारीतल्या बायकाही त्यांच्या बाजूने होत्या. ही गोष्ट मोठी आहे. शेतकरी आणि मजूर यांचं हित एकमेकांच्या विरुद्ध असतं, असं पुस्तकी गणित मांडणाऱ्यांना निपाणीने प्रत्यक्ष उत्तर दिलं.

आंदोलन 24 दिवस चाललं. तेव्हा कर्नाटकात गुंडू राव मुख्यमंत्री होते. 6 एप्रिलला पोलिसांनी वस्ती उठवली, हजारोंना अटक केली आणि गोळीबार झाला. 12 शेतकरी मारले गेले.

त्यांच्या स्मरणासाठी दरवर्षी 6 एप्रिलला लोक जमतात. ज्या रस्त्यावर हे घडलं, त्यावरून आज बेंगळुरूकडे जाणारी वाहनं ताशी शंभरच्या वेगाने जातात. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या वऱ्हाडातल्या माणसाला मात्र हा रस्ता पाहताना आपल्याच घरची आठवण दाटून येते.

विडी-तंबाखूच्या शेतकऱ्याची एक अडचण अजून तशीच आहे. आंध्र-कर्नाटकातल्या सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूसाठी 1976 पासून गुंटूरचं टोबॅको बोर्ड आहे, त्याचे लिलाव आहेत. विडीची तंबाखू या लिलावाबाहेर आहे. व्यापारी देईल तो भाव. तंबाखू माणसं मारते, तिचा खप कमी व्हायलाच हवा, यात वाद नाही. पण हे पीक सोडायला सांगताना कोरडवाहू काळ्या रानात दुसरं काय परवडेल, हे सांगणंही सरकारचं काम आहे. दूधगंगा प्रकल्पाचं पाणी जिथे पोचलं तिथे शेतकऱ्याने कुणी न सांगता तंबाखू सोडून ऊस धरला. हालसिद्धनाथ साखर कारखाना हा त्याचा पुरावा. जिथे पाणी नाही, तिथे तरवा अजून टाकला जातो. विडी कारखान्यांच्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या बाबतीतही हेच. पर्याय आधी, उपदेश नंतर.

हालसिद्धनाथ हे इथलं मोठं दैवत. जवळच्या आप्पाचीवाडी-कुर्लीला त्याची यात्रा भरते आणि रात्री भाकणूक होते. पाऊस कसा, पीक कसं, धारण काय राहील, हे ऐकायला कर्नाटक-महाराष्ट्रातून माणसं येतात. भावाची चिंता देवापुढेही सुटत नाही. दुसऱ्या बाजूला तवंदीच्या घाटात स्तवनिधीचं जैन तीर्थ आहे. घाटावरून खाली पाहिलं की वेदगंगेचं सगळं खोरं एका नजरेत येतं: उसाचे हिरवे पट्टे, मधले काळे तुकडे आणि गावाची कौलं.

पर्यटनाच्या नकाशावर निपाणी नाही. कोल्हापूरला अंबाबाई आणि रंकाळा पाहून लोक गोव्याला किंवा बेळगावला निघून जातात. त्यांना एक विनंती आहे. महामार्गावरून खाली उतरा, निपाणकरांच्या वाड्याकडे जा, वखारींच्या बोळातून चाला आणि आंदोलननगरच्या जागी क्षणभर थांबा. गावातल्या जाणत्या मंडळींना आणि दोन्ही राज्यांच्या सरकारांना दुसरी विनंती: बंद पडलेल्या वखारींपैकी एक तरी पाडू नका. तिथे चाळण्या, वजनकाटे, कराच्या पावत्या, युगांतरचा माहितीपट आणि 1981 च्या बारा जणांची नावं लावा. वखारीत कष्टलेल्या बायका अजून हयात आहेत, तोवरच हे झालं पाहिजे.