गाठ आहे तिच्याशी

चाकण एमआयडीसीत पॅलेट ठोकणाऱ्याला ती लांबूनच ओळखू येते. पिवळट पाइनच्या फळीवर तपकिरी, डोळ्याएवढी. खिळा नेमका तिच्यावर पडला तर वाकलाच म्हणून समजा. रंधा अडखळतो, करवतीचा सूर बदलतो. उन्हात राळ पाझरून बोटं चिकट करते, ते वेगळंच.

मूळची ती फांदी. खोड दरवर्षी जाड होतं आणि फांदीचा बुडखा पोटात घेत जातं. फांदी हिरवी असताना हे घडलं तर दोघांचे धागे एकजीव होतात. अशी जिवंत गाठ सहसा जागा सोडत नाही. फांदी वाळलेली असेल तर खोड तिला नुसता वेढा घालतं. या मेल्या गाठीभोवती बहुधा सालीचं काळं कडं असतं. लाकूड सुकलं की ती निखळते आणि फळीला आरपार भोक पडतं.

खोडावर बाहेरून फुगून येणारी गाठ ही तिची चुलत बहीण. आडनाव एकच, संस्कृत ‘ग्रंथि’कडून आलेलं. पण बहिणीचे वाडगे होतात, आतल्या नागमोडी रेषांना शौकीन चांगले पैसे मोजतात. हिच्या नशिबी निर्यातीचं खोकं. तिथे भट्टीत लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात. कीड मरते, फळीवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का उमटतो. गाठ ढिम्म.

स्वतः टणक, पण शेजाऱ्यांना वाकवणारी. लाकडाचे धागे तिला वळसा घालून जातात, म्हणून भार आला की फळी तिच्या आसपास मोडते. गाठ रुंदीच्या मधोमध असली तर एक वेळ चालते. कडेला असली तर फोर्कलिफ्टचा एक धक्का पुरतो. जाणता कारागीर अशी फळी बाजूला काढतो आणि गाठ कापून उरलेल्याचे ठोकळे करतो.

‘बिनगाठीचं नाही का?’ असं विचारणारं गिऱ्हाईक भेटतंच. आहे की! न्यूझीलंडच्या बागांत पाइन कोवळा असतानाच खालच्या फांद्या छाटतात, मग पुढे चढणारं लाकूड स्वच्छ निघतं. ते फर्निचरला जातं. पॅकिंगला येतं ते बहुतेक न छाटलेल्या झाडाचं. गाठ नको असेल तर त्या छाटणीची मजुरी भरा. पॅलेटच्या भावात गाठ धरलेलीच असते.